सात दिवसांत अख्खं आइसलँड? आधी तिथे सूर्य कधी मावळतो ते पाहा

पत्र: पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्यानिमित्त मी, यजमान, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू) असे चौघं आइसलँडला जायचं म्हणतोय. आयुष्यात एकदाच, त्यामुळे चांगल्यातलं चांगलं करायचं. एजंटाने डिसेंबरातला सात दिवसांचा आराखडा दिला आहे: संपूर्ण रिंग रोड, सहा हॉटेलं, फोर बाय फोर गाडी भाड्याने (यजमान चालवतील, त्यांना घाटाची सवय आहे), नॉर्दर्न लाइट्सची हमी, शेवटच्या दिवशी हेलिकॉप्टर आणि ब्लू लगून. पैशांची अडचण नाही, पण वाया गेलेले चालणार नाहीत. सोमवार-गुरुवार आमच्याकडे शाकाहार असतो. काय बदलावं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर:

नमस्कार ताई. पंचविशीच्या शुभेच्छा.

आराखड्यातली हॉटेलं चांगली आहेत, गाडी चांगली आहे, तरी तो तसाच्या तसा घेऊ नका. त्यात महागडं सगळं आहे, मोकळा वेळ तेवढा नाही. आणि त्या देशात सगळ्यात महाग वस्तू तीच आहे.

हिशेब मांडून पाहू. देशाला वळसा घालणारा हा रिंग रोड १,३२२ किलोमीटरचा. पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंतचा अख्खा गोवा नऊ-दहा वेळा पार केल्यासारखं. सातांतले येण्याजाण्याचे दोन दिवस वजा केले तर रोज सुमारे २६५ किलोमीटर पडतात. फोंड्यात बसून हे काहीच वाटत नाही. पण २१ डिसेंबरच्या सुमारास राजधानी रेक्याविकमध्ये सूर्य उगवतो सकाळी अकरा-वीसच्या आसपास आणि मावळतो साडेतीनला. आगेमागे तासभर संधिप्रकाश धरा. बर्फाळ रस्त्यावर ताशी साठ-सत्तरने २६५ किलोमीटर जायला चार तास लागतात, म्हणजे दिवसाचा सगळा उजेड गाडीतच संपतो. धबधब्याजवळ पोचाल तेव्हा फक्त आवाज ऐकू येईल.

दुसरी गोष्ट जास्त खर्चाची. हिवाळ्यात वारा वाढला की तिथलं रस्ते खातं रस्त्याचे तुकडेच बंद करतं, कधी काही तास, कधी अख्खा दिवस. रोज नवं हॉटेल असलेल्या सहलीत एक दिवस अडकलात की पुढच्या सगळ्या तारखा कोलमडतात. पुढच्या हॉटेलाचे पैसे आधीच भरलेले, तिथे तुम्ही ‘आलाच नाहीत’ म्हणून नोंद होते, आणि जिथे अडकलात तिथे नवी खोली शोधायची. तुम्ही म्हणता तसे पैसे वाया जातात ते इथे.

कधी जावं

आमचं मत: डिसेंबर सोडा, चतुर्थी आटोपून जा. सप्टेंबर अखेरीला रेक्याविकमध्ये सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सातपर्यंत उजेड असतो, म्हणजे दिवस जवळजवळ आपल्याएवढाच. तापमान साधारण ५ ते १० अंश. रस्ते सहसा बर्फाविना. आणि रात्र पुरेशी काळी, त्यामुळे नॉर्दर्न लाइट्स दिसू शकतात. त्यांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. शिवाय विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चमध्ये, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याला जास्त दाद देतं आणि हे प्रकाश अधिक वेळा चमकतात.

आता पंचांग काढा. भाद्रपद पौर्णिमेनंतर पितृपक्ष सुरू होतो. त्यात अष्टमी उलटली की चंद्र बारीक होत जातो आणि अमावास्येच्या आसपास आकाश काळंभोर राहतं. फिकट प्रकाश दिसायला हीच वेळ उत्तम. तुमच्याकडचा म्हाळ कोणत्या तिथीला असतो ते पाहा; तो आटोपून निघालात तर सर्वपित्री अमावास्येच्या आसपासच्या रात्री हातात येतात आणि घटस्थापनेच्या मागेपुढे घरी पोचता. सासूबाईंना पितृपक्षात निघणं पटणार नसेल तर आग्रह नको, मार्चची अमावास्या धरा. मात्र अधिक मास असलेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्या बहुधा ऑक्टोबरात सरकते. तेव्हा दिवस आखूड होतो आणि डोंगराळ भागातले रस्ते बंद व्हायला लागतात, हे लक्षात ठेवा.

‘हमी’ या शब्दाबद्दल एजंटाला नेमकं विचारा. बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ एवढाच असतो की दिसले नाहीत तर दुसऱ्या रात्री पुन्हा फुकट नेऊ. ढगांची हमी कोण देणार? लोक फोनवर केपी नावाचा आकडा (० ते ९) पाहत बसतात आणि तो मोठा नाही म्हणून झोपी जातात. आइसलँड या प्रकाशाच्या पट्ट्याखालीच असल्याने तिथे २-३ सुद्धा पुरतो. पाहायचे ते ढग. तिथल्या हवामान खात्याच्या उत्तरप्रकाश नकाशावर हिरवा रंग म्हणजे ढग आणि पांढरा म्हणजे मोकळं आकाश. नवखे नेमकं उलटं वाचतात आणि हिरवं पाहून खूश होतात. अंधुक प्रकाश डोळ्यांना राखाडी ढगासारखाच दिसतो, हिरवा दिसतो तो फोनच्या नाइट मोडमध्ये. संशय आला की फोन रेलिंगवर टेकवून तीन सेकंदांचा फोटो काढा. हिरवा आला तर सगळ्यांना उठवा.

गावाबाहेरची बरीच हॉटेलं रात्री प्रकाश दिसला की खोलीत फोन करून उठवतात. खोली घेताना ही सोय आहे का विचाराच. सासूबाईंना रात्री अकराला बसने कुठेतरी जाऊन थंडीत उभं राहावं लागणार नाही, शालीत गुंडाळून दारात आणलं की झालं.

कुठे राहावं

संपूर्ण चक्कर विसरा. दक्षिण किनारा घ्या, नऊ रात्री आणि मुक्काम तीनच.

पहिल्या दोन रात्री रेक्याविक. तिसरी, चौथी, पाचवी हेला ते ह्वोल्सव्होल्लुर या भागातल्या एखाद्या छोट्या हॉटेलात. तिथून थिंगवेल्लिर-गेसिर-गुल्फॉसचं गोल्डन सर्कल एका दिवसात होतं, व्हीक गाव शंभरेक किलोमीटरवर, आणि रात्री आजूबाजूला शेतं आणि अंधार. सहावी आणि सातवी व्हात्नायोकुल हिमनदीच्या पायथ्याशी, हॉफ ते होप्नच्या दरम्यान. व्हीकपासून योकुल्सारलोन हे हिमनगांचं सरोवर १९० किलोमीटर, अडीच तास न थांबता. पण न थांबता कुणी जात नाही, पूर्ण दिवस धरा. शेवटच्या दोन रात्री परत रेक्याविक. योकुल्सारलोनहून रेक्याविक सुमारे ३७५ किलोमीटर, पाच तास. परतीच्या त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका.

हेल्याच्या तीन रात्रींतला एक दिवस कोरा ठेवा. एजंट म्हणेल, वाया जातो. जात नाही. पाऊस-वाऱ्याने गोल्डन सर्कल हुकलं तर ते याच दिवशी बसतं, हेलिकॉप्टर रद्द झालं तर तेही इथेच. हेलिकॉप्टर शेवटच्या दिवशी कधीही ठेवू नये. ढग खाली आले की ते उडत नाही, आणि शेवटच्या दिवसाला उद्या नसतो. शक्य तितकं आधी ठेवा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते.

खोल्यांबद्दल एक खुलासा. पंचतारांकित म्हणावी अशी हॉटेलं तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ग्रामीण भागातली उत्तम ठिकाणं लहान असतात आणि वर्षभर आधी भरतात. चकचकीत लॉबी शोधू नका. खिडकी कुठे उघडते, बाहेर गरम पाण्याची कुंडी आहे का, ओले कपडे आणि बूट वाळवायला उबदार खोली आहे का, हे विचारा. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण ओल्या बुटात काढलेला दुसरा दिवस सगळी ऐट उतरवतो.

गाडी कोणी चालवावी

यजमानांचा चोर्ला घाटाचा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही. गाडी उजवीकडून चालवायची ही सवय दोन दिवसांत होते. खरी अडचण वाऱ्याची.

तिथे वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात सांगतात. १५ म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, इथून उंच गाड्या हलायला लागतात. २० म्हणजे ताशी ७२, तेव्हा निघायचंच नाही. पण सगळ्यात जास्त नुकसान उभ्या गाडीचं होतं. पार्किंगमध्ये थांबता, मागचा माणूस आपल्या सवयीने दार ढकलून सोडून देतो, वारा ते दार पकडून पुढच्या बाजूला उलटं फिरवतो, बिजागरीजवळचा पत्रा दुमडतो आणि मग ते दार बंदच होत नाही. बहुतेक भाडेविम्यांत हे नुकसान बसत नाही. उपाय साधा: गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावा, एका वेळी एकच दार उघडा, आणि दाराची कड हाताने घट्ट धरूनच पाय बाहेर टाका. समोरासमोरची दोन दारं एकदम उघडली तर गाडीतले कागद, टोप्या आणि कधी कधी पासपोर्टही शेतात जातो.

बाकी नियम: डांबरी रस्त्यावर ९०, खडीवर ८०, गावात ५०, दिवे दिवसाही चालू. डांबर संपून खडी सुरू होते तिथे वेग न उतरवल्याने परदेशी गाड्या घसरतात, पाटी दिसताच पन्नास-साठवर या. एकेरी पुलांवर जो आधी पोचला तो आधी जातो. दोन पट्ट्यांच्या वर्तुळाकार चौकात आतल्या पट्टीतल्या गाडीचा हक्क पहिला, आणि तिथे बाहेरची गाडी थांबते. रस्ता सोडून रानात गाडी घालणं हा गुन्हा आहे आणि दंड जबर असतो.

ज्या रस्त्याच्या नावाआधी एफ असतो ते डोंगरातले. फोर बाय फोरशिवाय तिथे मनाई, आणि उघडे साधारण जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत. त्यांवर नद्या ओलांडाव्या लागतात. हिमनदीचं पाणी दुपारी उन्हाने बर्फ वितळून वाढतं, सकाळी ज्या ओढ्यात चाक बुडत होतं तिथे चार वाजता बोनेट बुडतं. पाण्याने इंजिन गेलं तर विमा एक पैसा देत नाही. थोर्समोर्क खोऱ्यातली क्रोसा नदी यासाठी कुप्रसिद्ध आहे.

म्हणून चालक-मार्गदर्शक घ्या. सहलीतला सगळ्यात मोठा खर्च इथे करा आणि तो रेक्याविकमधल्या सुइटमधून कापा. त्या सुइटमध्ये तुम्ही फक्त झोपणार आहात.

फक्त सगळे दिवस ‘सुपर जीप’ घेऊ नका. एजंटांचा तो आवडता शब्द. या गाड्यांना ३८ इंचांपासून ४६ इंचांपर्यंतची चाकं असतात, बर्फावर हवा जवळजवळ सोडून चालवतात, आणि बर्फावर त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पण डांबरावर त्या कडक आणि गोंगाटी, आणि चढायची पायरी उंच. दिवसातून दहा-बारा वेळा चढउतार करणाऱ्या दुखऱ्या गुडघ्यांना हा ऐषाराम नव्हे, शिक्षा आहे. रोजच्यासाठी आरामशीर व्हॅन ठेवा, आणि सुपर जीप एका दिवसापुरती, हेल्याहून थोर्समोर्कला. त्या दिवशीही घडीचं स्टूल गाडीत ठेवायला सांगा.

चालकाचे कामाचे आणि विश्रांतीचे तास कायद्याने बांधलेले असतात. दिवसभर दहा तास गाडी हाकलेला माणूस रात्री बाराला प्रकाश शोधायला नेईल असं धरू नका. त्याची खोली आणि जेवण कोणाच्या खर्चात, हे आधी लेखी घ्या. आणि चौघांच्या चार टणक मोठ्या बॅगा आणू नका, मऊ डफल बॅगा आणा; मागची जागा त्यांच्यासाठीच मापलेली असते.

सासूबाईंसाठी काय, मुलीसाठी काय

सासूबाईंना बरंच काही बसून पाहता येतं. स्ट्रोकुर हा गरम पाण्याचा झरा दर पाच-दहा मिनिटांनी उसळतो, पार्किंगपासून थोडंच चालायचं. थिंगवेल्लिर, जिथे ९३० साली आइसलँडची लोकसभा भरू लागली, तिथे वरच्या कठड्यावरून जमिनीला पडलेल्या भेगेचं दर्शन होतं. स्कोगाफॉस हा ६० मीटरचा धबधबा खालून सपाटीवरून दिसतो. बाजूच्या पाचशेहून जास्त पायऱ्या मुलीसाठी. सेलयालँड्सफॉसच्या मागून जायची वाट निसरडी आणि पूर्ण भिजवणारी, आजींनी समोरूनच पाहावा. रेक्याविकच्या पेर्लान संग्रहालयात कृत्रिम हिमगुहा आहे, व्हीकमध्ये खरा लाव्हा वितळवून दाखवण्याचा खेळ होतो. योकुल्सारलोनच्या हिमतुकड्यांत जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी बोट जाते (मे ते ऑक्टोबर), फेरी चाळीसेक मिनिटांची. तीत चढायला शिडी असते, आधी सांगितलं तर मदत मिळते.

मुलीला हिमनदीवर चालायचं असेल तर तीन ते पाच तासांची फेरी, घोट्यावर येणारे बूट हवेत, लोखंडी काटे गाइड देतो. थिंगवेल्लिरमधल्या सिल्फ्रा भेगेत स्नॉर्कलिंग करता येतं. पाणी २ ते ४ अंश, कोरडा सूट देतात, पण पोहता आलं पाहिजे आणि उंची किमान १५० सेंटिमीटर, वजन ४५ किलो लागतं. निळी नैसर्गिक हिमगुहा मात्र हिवाळ्याची गोष्ट आहे, नोव्हेंबर ते मार्च. सप्टेंबरात कुणी व्हात्नायोकुलच्या गुहेत नेतो म्हणालं तर नको म्हणा. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्याच ब्रेयदामेर्कुरयोकुल या फाट्यावर बर्फ कोसळून एक पर्यटक दगावला.

व्हीकजवळच्या रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. गोव्याच्या माणसाला समुद्र ओळखीचा वाटतो, तिथेच चूक होते. पाच-सात लाटा शांत येतात आणि मग एक लाट अचानक तीसेक पावलं वर चढून माणसाला ओढून नेते. तळ लगेच खोल होतो. पार्किंगपाशी इशारा देणारे दिवे आहेत, ते पाळा.

ब्लू लगून हा गरम पाण्याचा तलाव विमानतळ आणि रेक्याविक यांच्या मधल्या भागात आहे आणि तिकीट आधी काढावं लागतं. शेजारच्या ग्रिंडाविक भागात डिसेंबर २०२३ पासून वारंवार ज्वालामुखीचे उद्रेक झाले आणि तेव्हा लगून बंद करावं लागलं. म्हणून त्यावर सगळी भिस्त नको. रेक्याविकला लागून असलेलं स्काय लगून हा पर्याय हाताशी ठेवा. दोन्हीकडे तलावात उतरण्याआधी कपडे काढून साबणाने अंघोळ सक्तीची असते. बंद दाराच्या खोल्या मिळतात, पण सासूबाईंना हे घरीच सांगून ठेवा, तिथे ऐनवेळी नको. पोहण्याचाच पोशाख लागतो, पूर्ण अंग झाकणारा चालतो.

आणि चांदी. त्या पाण्यात आणि वाफेत गंधक असतं, चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जा. जोडवी वर्षानुवर्षं काढलेली नसतात, तिथे ती ऐनवेळी निघत नाहीत. निघण्याआधी आठवडाभर तेल लावून सैल करून ठेवा. सोन्याला काही होत नाही, तरी मंगळसूत्र घसरून तळाशी गेलं तर दुधी पाण्यात सापडायचं नाही. ब्लू लगूनच्या सिलिकाने केस काथ्यासारखे होतात. आधी भरपूर कंडिशनर चोपडा आणि अंबाडा डोक्यावर उंच बांधा.

खाणंपिणं

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. कॉड आपल्या चणकासारखा पांढरा, पाकळ्या सुटणारा. आर्क्टिक चार हा नारिंगी मासा सामनच्या कुळातला. होप्न गाव लँगुस्टिनसाठी (छोट्या लॉब्स्टरसाठी) प्रसिद्ध, त्याला तिथे हुमार म्हणतात. नाव ऐकून हुमण आठवेल, पण मिळेल ते लोण्या-लसणात. तिखटाची पूड खिशात ठेवा.

सोमवार-गुरुवारचं मात्र हॉटेलांना तारखांसकट आधी कळवा, आणि नुसतं शाकाहारी म्हणू नका. भाजीच्या सुपातही माशाचा किंवा कोकराचा रस्सा असू शकतो. ‘मांस, मासे, त्यांचा रस्सा आणि जिलेटिन चालत नाही’ असं लिहा. स्कीर हा दह्यासारखा पदार्थ पारंपरिक पद्धतीत रेनेट घालून लावतात, कडक पाळत असाल तर डब्यावरचं वाचा. गोल्डन सर्कलच्या वाटेवर फ्रिदहेमार या टोमॅटोच्या हरितगृहात टोमॅटोचं सूप आणि पाव मिळतो, जेवण वेलींच्या मधोमध. शाकाहाराचा दिवस तिथे टाका आणि टेबल आधी राखा.

घरून चिवडा, पोहे, आमसुलं, मेतकूट न्या. पेढे, तूप, खव्याचं काही नको. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. गोव्यातल्या दारूच्या दरांची सवय असलेल्यांना तिथलं बिल पाहून धक्का बसतो. विक्री मुख्यतः सरकारी दुकानांत, आणि तीही मोजक्या वेळात. पंचविशीची शॅम्पेन केफ्लाविक विमानतळावर उतरल्यावर, सामान घ्यायच्या आधी लागणाऱ्या ड्यूटी-फ्रीमधूनच उचला.

नळाचं गरम पाणी बऱ्याच ठिकाणी थेट जमिनीतून येतं, त्याला उकडलेल्या अंड्याचा वास असतो. चहासाठी थंड नळाचं पाणी घेऊन किटलीत उकळा. थंड पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

कपड्यांचं थोडक्यात: आत मेरिनो लोकर, मध्ये फ्लीस, वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जाकीट-पँट. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. छत्री पहिल्या पार्किंगमध्ये उलटी होईल. बूट महिनाभर आधी घेऊन घरात घालून मऊ करा.

कागदपत्रं आणि विमान

आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात आहे. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत नाही. निर्णय साधारण १५ दिवसांत, पण ४५ पर्यंत लांबू शकतो. मोठ्यांची फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. सासूबाईंचा बीपी विम्यात स्पष्ट नोंदवा, लपवलात तर दावा फेटाळला जातो. गोळ्या मूळ पाकिटात, औषधाच्या मूळ नावाच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत.

घोळ होतो तो नावांत. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, असं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजी प्रतीसह जोडा. बोटांचे ठसे जातीने द्यावे लागतात. केंद्राची तारीख गोव्याबाहेरची मिळाली तर सासूबाईंसाठी त्या खेपेत एक मुक्काम धरा. घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला व्हिसा नको, पण त्यामुळे बाकीच्यांचा सुटत नाही.

भारतातून थेट विमान नाही. कोपनहेगन, फ्रँकफर्ट किंवा अ‍ॅमस्टरडॅममार्गे जा; लंडनमार्गे ट्रान्झिट व्हिसाचा वेगळा प्रश्न निघतो. इमिग्रेशन पहिल्या शेंगेन विमानतळावर होतं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नव्या पद्धतीने फोटो आणि ठसे घेतात, त्यामुळे मध्ये तीन तास ठेवा. मोप्यापासून केफ्लाविकपर्यंत एकच तिकीट असू द्या. पावसाळी ढगांनी गोव्याचं विमान रखडलं आणि पुढचं तिकीट वेगळं असलं तर नुकसान तुमचं. सहलीच्या रकमेवर एजंट टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापेल. त्याचा दाखला घ्या, तो विवरणपत्रात वळता करून मिळतो.

खोल्या आधी, मग चालक, मग विमान, आणि व्हिसा शेवटी, या क्रमाने चला. आणि एजंटाला आज एवढंच लिहून पाठवा: नऊ रात्री, तीन ठिकाणं, एक दिवस कोरा, रस्ता बंद होऊन आम्ही पोचू शकलो नाही तर कोणत्या हॉटेलाचे किती पैसे परत मिळतील, चालकाचे रोजचे तास किती, खोल्यांना लिफ्ट आहे की तळमजला, आणि गाडीची पायरी जमिनीपासून किती उंच आहे.